द बॉडी स्नॅचर (१९४५): भीती नक्की कुणाची वाटते?

रात्रपाळी
जुन्या कृष्णधवल भयपटांवर इथे अधूनमधून गप्पा होतात, पण 'द बॉडी स्नॅचर'चं नाव कुणी काढलेलं दिसलं नाही, म्हणून हा धागा. आर.के.ओ. स्टुडिओचा, जेमतेम सव्वा तासाचा सिनेमा. निर्माता व्हॅल ल्यूटन, दिग्दर्शक रॉबर्ट वाइज, मूळ कथा आर. एल. स्टीव्हन्सनची. पुढे सगळं कथानक उघड होणार आहे. ज्यांनी पाहिला नाही त्यांनी आधी पाहून या, धागा कुठे पळून जात नाही.

साल १८३१, गाव एडिनबरा. डॉ. मॅकफार्लेन (हेन्री डॅनियल) शरीररचना शिकवतात. विच्छेदनासाठी प्रेतं लागतात आणि कायद्याने मिळतात ती पुरत नाहीत. जॉन ग्रे हा घोडागाडीवाला (बोरिस कार्लोफ) रात्री ताजी थडगी उकरतो आणि प्रेतं मागच्या दाराने पोचवतो. फेट्स नावाचा गरीब, सालस विद्यार्थी डॉक्टरांच्या हाताखाली काम करू लागतो आणि बघता बघता या व्यवहारात अडकतो.

माझं म्हणणं असं, की या सिनेमात ग्रेची भीती वाटतच नाही. तो काय आहे ते पहिल्या दहा मिनिटांत कळतं. भीती वाटते ती डॉक्टरांची. स्वच्छ कफ, पॉलिश केलेलं टेबल, पैसे मोजून देणारा हात, आणि "कुठून आणलंस" हे न विचारण्याची सवय. तुम्हाला काय वाटतं?

पावसाळी_छत्री
हा तोच ना, ज्यात शेंगांमधून माणसं तयार होतात आणि गाव ताब्यात घेतात?

जुना_प्रोजेक्टर
नाही हो, तो १९५६ चा, नाव मिळतंजुळतं आहे इतकंच. इथे शेंगा नाहीत, फावडं आणि कंदील आहे.

मांजरवाली
पाहिलाय! आणि मी रात्रपाळींशी अजिबात सहमत नाही. ग्रे पहिल्याच रात्री त्या छोट्या कुत्र्याला मारतो, तिथेच माझं मन त्याच्यावरून उडालं. बिचारं आपल्या मालकाच्या, एका लहान पोराच्या, थडग्यावर राखण करत बसलेलं असतं. त्या पोराची आई सकाळी ते मेलेलं पिल्लू हातात घेऊन येते, ते मला बघवलं नाही. डॉक्टर वाईट आहेत, मान्य. पण फावडं कुणाच्या हातात होतं?

आणि तोच ग्रे घरी मांजर मांडीवर घेऊन कुरवाळतो. माणूस मांजरावर प्रेम करतो म्हणून तो चांगला, असं मी एरवी डोळे मिटून म्हणेन. इथे नाही म्हणता येत.

निवांत७१
काल रात्री पाहिला. संथ वाटला. एकदाही दचकलो नाही. ऐंशी वर्षं जुन्या सिनेमाकडून किती अपेक्षा ठेवायची म्हणा. कार्लोफचं काम मात्र एक नंबर.

जुना_प्रोजेक्टर
निवांत, रस्त्यावर गाणाऱ्या मुलीचा प्रसंग पुन्हा एकदा पाहा. शक्यतो हेडफोन लावून, मोबाइल लांब ठेवून.

ती गात गात एका कमानीखालच्या अंधारात शिरते. कॅमेरा जागचा हलत नाही. मागून ग्रेची गाडी सावकाश येते आणि त्याच अंधारात जाते. आता पडद्यावर कुणीच नाही. नुसती रिकामी कमान, ओला रस्ता आणि तिचं गाणं. गाणं चालूच आहे. आणि मग ओळीच्या मध्येच ते थांबतं. किंकाळी नाही, संगीताचा दणका नाही, चाकू नाही. कॅमेरा तसाच रिकाम्या रस्त्याकडे बघत राहतो. सगळ्या सिनेमातला सगळ्यात क्रूर खून प्रेक्षकाला दिसतच नाही, फक्त ऐकू येतो. ऐकू येतो म्हणजे काय, तर एक आवाज यायचा बंद होतो.

ल्यूटनच्या सगळ्या सिनेमांची हीच रीत. पैसे कमी, म्हणून राक्षस दाखवायचा नाही, अंधार दाखवायचा. १९४२ च्या 'कॅट पीपल'पासून त्याने हेच केलं. पैसे नसणं ही अडचण होती, पण त्यातून जे निघालं ते पैसेवाल्यांना जमलं नाही.

पेठेतली_सून
जुना_प्रोजेक्टर, +१. गाणं कुठे थांबवायचं हे कळणारा हा दिग्दर्शक पुढे 'साउंड ऑफ म्युझिक' करतो! हे मला कळलं तेव्हा विश्वासच बसेना.

जुना_प्रोजेक्टर
हो ताई, तोच रॉबर्ट वाइज. त्याआधी 'सिटिझन केन'चा संकलक. कात्री कुठे लावायची हे तो संकलनाच्या टेबलावर शिकून आला होता, आणि त्या कमानीच्या प्रसंगात ते दिसतं.

फोर्थच्या_काठी
मी एडिनबरामध्ये राहते, त्यामुळे हा धागा दिसल्यावर राहवलं नाही.

ग्रेफ्रायर्सच्या दफनभूमीत आजही थडग्यांवर बसवलेले लोखंडी पिंजरे आहेत. जाडजूड गज, वरून बंद, कुलपाची सोय. पर्यटकांना गंमत म्हणून सांगतात की हे भुतं बाहेर येऊ नयेत म्हणून. खरं कारण उलटं आहे, बाहेरच्यांनी आत हात घालू नये म्हणून. प्रेत काही आठवड्यांत कुजलं की चोराच्या उपयोगाचं राहत नसे, मग पिंजरा काढून दुसऱ्या थडग्यावर लावायचा. ज्यांना तो परवडत नसे ते स्वतः रात्री थडग्याशी पहारा देत. सेंट कथबर्टच्या चर्चपाशी पहारेकऱ्यांसाठी बांधलेला गोल बुरूज अजून उभा आहे, १८२७ चा.

चोरांची पद्धत ठरलेली होती. सगळं थडगं उकरत नसत. फक्त डोक्याकडची बाजू खणायची, लाकडी फावड्याने, म्हणजे दगडावर आवाज होत नाही. पेटीच्या झाकणाचा तेवढाच भाग मोडायचा आणि दोराने प्रेत ओढून काढायचं. कफन मात्र परत आत टाकायचं. कारण कायद्याच्या नजरेत प्रेत कुणाच्या मालकीचं नव्हतं, पण कापड होतं. कापड चोरलं तर मोठी शिक्षा.

हे शेवटचं मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा फार वेळ डोक्यातून गेलं नाही.

तर्कटराव
मालकाच्या थडग्याशी बसून राहणारा ग्रेफ्रायर्सचा तो प्रसिद्ध इमानी कुत्रा बॉबी, त्याच्यावरूनच सिनेमातलं पिल्लू घेतलं असणार. पण बॉबीची गोष्ट १८५८ नंतरची आहे. १८३१ मध्ये कुठून आला?

मांजरवाली
तर्कटराव, कुत्रा तीस वर्षं आधी जन्माला आला म्हणून त्याचं मरण कमी वाईट ठरत नाही :)

हाडाचा_मास्तर
शरीररचनाशास्त्र शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, म्हणून डॉक्टरांच्या बाजूने चार शब्द.

रात्रपाळी म्हणतात मॅकफार्लेनची भीती वाटते. वाटू दे. पण त्या काळात शस्त्रक्रिया शिकायला आलेल्या पोराने प्रेत उघडून पाहिलं नसेल, तर तो जिवंत माणसावर चाचपडणार हे नक्की. १७५२ च्या कायद्याने खुनाबद्दल फाशी गेलेल्यांची प्रेतं विच्छेदनाला देता येत. तेवढ्यावर एडिनबरासारख्या वैद्यकाच्या माहेरघराचं भागणं शक्यच नव्हतं. ही टंचाई मॅकफार्लेनने निर्माण केली नव्हती.

एक तांत्रिक गोष्ट मात्र खटकते. सिनेमात डॉक्टर एका लहान मुलीच्या मणक्याची एवढी नाजूक शस्त्रक्रिया करतात, ती १८३१ मध्ये? भूल द्यायला क्लोरोफॉर्म डॉ. सिम्पसनने वापरला १८४७ मध्ये, तोही त्याच एडिनबरात. पण सिनेमा आहे, सोडून देऊ.

माझ्या विद्यार्थिदशेत आम्ही हाडांचा हाफ सेट विकत घेत असू, बहुतेक वेळा सीनियरकडून. माझ्या सेटमधल्या मांडीच्या हाडावर आधीच्या कुणीतरी स्नायूंच्या जागा रंगवून ठेवल्या होत्या, स्नायूची सुरुवात लाल पेन्सिलीने, शेवट निळ्या. इतकं सुबक काम, की मी ते कधी पुसलं नाही. ते हाड कुणाचं, हा प्रश्न वर्गात एकानेही विचारला नाही. मीही नाही. तेव्हा हिंदुस्थानातून सांगाडे जगभर जात, कोलकाता हे त्या व्यापाराचं मोठं केंद्र. १९८५ मध्ये सरकारने निर्यात बंद केली.

म्हणून फेट्सवर कुणी दगड मारू नये असं मला मनापासून वाटतं.

रात्रपाळी
मास्तर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. टंचाई खरी, गरज खरी, यात वादच नाही. पण तुम्ही शेवटी जे लिहिलंत, "कुणाचं, हा प्रश्न एकानेही विचारला नाही", तेच माझं म्हणणं आहे. न विचारणं हाच या सिनेमाचा विषय आहे.

जॉर्जिना नावाच्या लहान मुलीला चालता यावं म्हणून शस्त्रक्रिया करायची असते. डॉक्टर म्हणतात, आधी मणका अभ्यासायला हवा, आणि प्रेत तर नाही. फेट्स, जो सिनेमातला सगळ्यात भला माणूस, तो ग्रेकडे जातो आणि लवकर काहीतरी कर म्हणून गळ घालतो. ग्रे लवकर करतो. ती गाणारी मुलगी त्याच रात्री टेबलावर येते. फेट्स तिला ओळखतो, त्यानेच तिला कधीतरी पैसे दिलेले असतात. म्हणजे एका मुलीला चालवण्यासाठी दुसरीचा गळा. आणि मागणी करणारा कोण, तर आपला सालस नायक.

पेठेतली_सून
अरे देवा. ही साखळी मी पाहताना जोडलीच नव्हती. आता पुन्हा पाहणं आलं.

निळा_कंदील
स्टीव्हन्सनची कथा वाचलेल्यांना सांगायला नको, की सिनेमाने फेट्सला फारच धुवून काढलंय. १८८४ च्या कथेत तो इतका निष्पाप नाही. मुलगी ओळखीची निघते, खून झालाय हे त्याला कळतं, आणि तो गप्प बसतो. पुढे ग्रेचा खून होतो तेव्हाही तो प्रेताची नोंद करून घेतो. कथेची सुरुवातच म्हाताऱ्या, दारुड्या फेट्सपासून आहे, गावच्या खानावळीत रोज संध्याकाळी बसणारा. त्याच्या अख्ख्या आयुष्याची माती झालेली आहे.

आणि जॉर्जिना, तिची आई, डॉक्टरांच्या घरची मोलकरीण मेग, यातलं कथेत काहीच नाही. पटकथा फिलिप मॅकडोनल्डची आणि कार्लोस कीथची, आणि कार्लोस कीथ म्हणजे ल्यूटनच, टोपणनावाने. त्याने डॉक्टर-ग्रे हे नातं मध्यभागी आणलं, हे उत्तम केलं. पण फेट्सला वाचवलं, हे मला पटत नाही. हॉलिवूडला तरुण नायक गुन्हेगार चालत नसे.

तर्कटराव
मग कार्लोस कीथने कार्लोफला कास्ट केलं म्हणायचं. नावं जुळतात :D

जुना_प्रोजेक्टर
कार्लोफ हेही टोपणनावच आहे, बरं का. खरं नाव विल्यम हेन्री प्रॅट. वडील हिंदुस्थानात सरकारी नोकरीत होते आणि घराण्यात हिंदुस्थानी रक्तही होतं. इंग्लंडमध्ये वाढला, घरच्यांना तो मोठा साहेब व्हायला हवा होता, हा पळून कॅनडात नट व्हायला गेला.

लुगोसीबद्दल कुणीच बोललं नाही. पोस्टरवर कार्लोफच्या खालोखाल बेला लुगोसी, आणि सिनेमात भूमिका केवढी? नोकर जोसेफची, मोजके प्रसंग. ड्रॅक्युला झालेला माणूस इथे दाराआडून ऐकतो आणि थोडे पैसे उकळायला ग्रेकडे जातो. दोघांचा हा एकत्र शेवटचा सिनेमा.

पण तो एक प्रसंग! ग्रे त्याला दारू पाजतो, बर्क आणि हेअरचं गाणं म्हणून दाखवतो, ते दोघे कसे मारायचे ते समजावून सांगतो. जोसेफला नीट कळत नाही, तो विचारतो कसं, दाखव ना. आणि ग्रे दाखवतो. तोंडावर हात, अंगाचा भार, बस. त्या हाताकडे पाहा. घाई नाही, राग नाही, रोजचं काम करणाऱ्याचा हात आहे तो.

पावसाळी_छत्री
बर्क आणि हेअर म्हणजे? खरे लोक का?

फोर्थच्या_काठी
अगदी खरे. विल्यम बर्क आणि विल्यम हेअर, दोघे आयर्लंडहून आलेले मजूर. १८२७ च्या नोव्हेंबरात वेस्ट पोर्ट भागात हेअरच्या लॉजवर एक म्हातारा भाडेकरू आजारपणाने वारला, भाडं थकवून. दोघांनी त्याचं प्रेत डॉ. रॉबर्ट नॉक्सच्या शरीररचनेच्या शाळेत विकलं, साडेसात पौंडांना. एवढे पैसे एका रात्रीत! त्यानंतर त्यांनी थडगी उकरली नाहीत, मरणाची वाटही पाहिली नाही. वर्षभरात सोळा खून. दारू पाजायची आणि तोंड-नाक दाबायचं. जखम नाही, खूण नाही, माल ताजा. नॉक्सकडे भावही ठरलेला, हिवाळ्यात दहा पौंड, उन्हाळ्यात आठ.

मारलेल्यांत जेमी नावाचा एक भोळसट तरुण होता, सगळ्या शहराच्या ओळखीचा. टेबलावर आल्यावर विद्यार्थ्यांनी त्याला ओळखलं. नॉक्स म्हणाला, हा तो नव्हेच.

हेअर माफीचा साक्षीदार झाला आणि सुटला. बर्कला २८ जानेवारी १८२९ ला हजारोंच्या गर्दीसमोर फाशी दिलं, आणि न्यायाधीशांच्या हुकमाने त्याचंच विच्छेदन झालं. त्याचा सांगाडा विद्यापीठाच्या संग्रहालयात उभा आहे. मी पाहिलाय, बुटका माणूस होता.

नॉक्सवर खटला चालला नाही. सिनेमातला मॅकफार्लेन हा याच नॉक्सचा जुना मदतनीस दाखवलाय, आणि ग्रेने तेव्हा त्याला वाचवण्यासाठी दोष स्वतःच्या अंगावर घेतलेला आहे. सगळा हिशोब तिथून सुरू होतो.

हाडाचा_मास्तर
याच प्रकरणानंतर १८३२ चा कायदा आला आणि प्रेतचोरी जवळजवळ संपली. पण कशी संपली तेही पाहा. कुणी दावा न केलेली प्रेतं शाळांना द्यायची, म्हणजे अनाथालयांत आणि गरिबांच्या आश्रमांत मेलेली. श्रीमंताच्या थडग्यावरचा पिंजरा निघाला, गरिबाला तो कधी मिळालाच नव्हता.

आपल्याकडेही १९४९ चा मुंबई शरीररचना कायदा याच धर्तीचा, बेवारस प्रेतं वैद्यकीय महाविद्यालयांकडे. आता देहदान करणारे वाढलेत हे फार चांगलं झालं. आणि पहिल्या वर्षाच्या मुलांना विच्छेदन सुरू होण्याआधी देह देणाऱ्याबद्दल आदराची शपथ देतात. मी निवृत्त होण्याआधी ती ऐकली. फॉर्मॅलिनने डोळे चुरचुरत होते, मुलं हळू आवाजात म्हणत होती, आणि पहिल्यांदाच त्या टेबलांवर माणसं आहेत असं सगळ्यांच्या वागण्यातून दिसत होतं.

मांजरवाली
मास्तर, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. माझ्या सासऱ्यांनी देहदान केलं होतं. त्यांच्याशी कसं वागले असतील हा प्रश्न सासूबाईंच्या मनात कायम असायचा. त्यांना हा प्रतिसाद वाचून दाखवते.

निवांत७१
जुना_प्रोजेक्टर, हेडफोन लावून तो प्रसंग पाहिला. बायको म्हणाली, पुन्हा लाव. आता मी पुन्हा लावणार नाही, एवढंच सांगतो.

शेवट मात्र मला अजून पटत नाही. सव्वा तास माणसांची गोष्ट सांगितली आणि ऐनवेळी भूत आणलं.

निळा_कंदील
निवांत, भूत कुठे आणलं? डॉक्टर आणि फेट्स एका म्हातारीचं प्रेत उकरून भर पावसात गाडीतून नेतात. डॉक्टरांना चाकांच्या तालात, त्यांनीच आधी मारलेल्या ग्रेचा आवाज ऐकू येतो, तू माझ्यापासून सुटणार नाहीस. ते फेट्सला कंदील धरायला लावतात, कापड काढतात आणि त्यांना ग्रे दिसतो. घोडा उधळतो, गाडी कड्यावरून खाली. फेट्स नंतर कंदील घेऊन बघतो तर प्रेत म्हातारीचंच आहे. म्हणजे भूत फक्त डॉक्टरांना दिसतं. स्टीव्हन्सनच्या कथेत दोघांनाही ग्रेच दिसतो आणि गोष्ट तिथेच संपते. तिथे खरंखुरं भूत आहे, सिनेमात नाही.

तर्कटराव
आता गंमत बाजूला ठेवून मूळ प्रश्नावर येतो. रात्रपाळी, तुम्ही म्हणता डॉक्टर जास्त भयंकर. पण ग्रे हे सगळं कशासाठी करतो ते त्यानेच सांगितलंय. शेवटच्या भेटीत, त्याच्या खोलीवर. डॉक्टर त्याला पैसे देऊन कायमचं मिटवायला येतात, तो घेत नाही. तो म्हणतो मी लहान माणूस, गरीब, नको ती कामं करावी लागली. पण एवढा मोठा डॉक्टर माझ्या शिट्टीवर धावत येतो, तोवर मी कुणीतरी आहे. ते गेलं तर मी नुसता गाडीवाला आणि थडगेचोर.

हे कार्लोफ ज्या आवाजात बोलतो त्यात धमकी नाही, कळकळ आहे. त्याला पैसा नकोच होता, डॉक्टरांच्या टेबलाला बसायचा मान हवा होता. तो मान कुणी देत नाही म्हणून तो भीती वसूल करतो. मला या माणसाची भीतीही वाटते आणि दयाही येते, आणि दोन्ही एकाच वेळी वाटायला लावणं हे कार्लोफचं सगळ्यात मोठं काम आहे, असं माझं मत. त्याने केलेल्या फ्रँकेनस्टाइनच्या राक्षसापेक्षाही मोठं.

मांजरवाली
दया नाही. मी कुत्रा विसरणार नाही. पण जॉर्जिनाला उचलून तो पांढऱ्या घोड्याशी भेट करवतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर खोटेपणा नसतो, हे मान्य. आणि शेवटी डॉक्टरांच्या शस्त्रक्रियेनंतरही ती पोरगी उठत नाही, उठते ती टापा ऐकून, तोच घोडा आला असं वाटून. घोडा कुणाचा? ग्रेचा!

रात्रपाळी
मांजरवाली, हा मुद्दा माझ्या बाजूचा आहे की तुमच्या, हे ठरवणं कठीण :)
तर्कटरावांचं खरं आहे, दया येते. पण म्हणूनच भीती दुसरीकडे सरकते.

फोर्थच्या_काठी
रात्रपाळी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या वेळच्या एडिनबराने दिलंच होतं. बर्कला फाशी दिल्यावर पंधरा दिवसांच्या आत जमाव नॉक्सच्या घरावर चालून गेला. त्याचा पुतळा फासावर लटकवून जाळला, खिडक्या फोडल्या. पोरं रस्त्यात गाणं म्हणत, बर्क खाटीक, हेअर चोर, आणि मांस विकत घेणारा नॉक्स. न्यायालयाने त्याला हात लावला नाही, पण लोकांच्या मनात खरेदी करणारा त्याच रांगेत उभा होता. पुढे त्याला शहर सोडून लंडनला जावं लागलं.

पेठेतली_सून
आणि मेग? तिच्याबद्दल कुणी दोन ओळीही लिहिल्या नाहीत! जगासमोर घरची मोलकरीण, खरं तर मॅकफार्लेनची लग्नाची बायको. सगळं तिला ठाऊक आहे. फेट्सला निघून जा म्हणून सांगणारी ती एकटीच. डॉक्टर खरेदीचा प्रश्न विचारत नाहीत तसेच तिलाही पायरीवरच ठेवतात. शनिवारी पुन्हा पाहणार आहे, तेव्हा फक्त तिच्यावर लक्ष ठेवून. मग इथे येऊन सविस्तर लिहिते.